‘दिओको’ : छळ आणि ध्यास यांना जोडणारे ग्रीक क्रियापद

प्रस्तावना
नव्या करारात ‘दिओको’ हे ग्रीक क्रियापद सुमारे ४५ वेळा येते. त्याचा मूळ अर्थ ‘वेगाने मागे धावणे, पाठलाग करणे’ असा आहे. मराठी बायबलात मात्र त्याच्या बऱ्याच उपयोगांसाठी ‘छळ करणे’ हा शब्द रूढ झाला आहे, तर उर्वरित ठिकाणी ध्येय, तत्परता, धाव अशा कल्पनांचा आश्रय घेतला जातो. या विभागणीत अर्थ स्पष्ट होतो. पण एक महत्त्वाचा दुवाही हरवतो. प्रस्तुत लेखात या दुव्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका
‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गात अकिलीस हेक्टरचा पाठलाग करतो, तेथे हे क्रियापद शब्दशः धावण्याचे आहे. अथेन्सच्या न्यायालयीन भाषेत फिर्यादीला ‘दिओकोन’ म्हणजे पाठलाग करणारा आणि आरोपीला ‘फेउगोन’ म्हणजे पळणारा म्हणत. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात याच क्रियापदापासून झालेले नाम इष्टाच्या मागे जाण्याच्या अर्थाने येते. जुन्या कराराच्या ‘सेप्तुआजिंत’ या ग्रीक भाषांतरात हिब्रू ‘रादफ’साठी बहुधा हेच क्रियापद वापरले आहे. त्यामुळे स्तोत्रकर्त्याच्या मागे लागलेले वैरी आणि शांतीच्या मागे लागणारा भक्त या दोघांची क्रिया एकाच शब्दाने सांगितली जाते. सारांश, क्रियापद स्वतः चांगले किंवा वाईट नाही. त्याचे मोल कर्मावर आणि हेतूवर ठरते.

पौलाचा उपयोग
फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल हे क्रियापद तीनदा योजतो. सहाव्या वचनात आवेशाने मंडळीचा छळ करणारा पौल आहे. बाराव्या व चौदाव्या वचनांत ख्रिस्ताने ठेवलेल्या लक्ष्याकडे धावणारा पौल आहे. दमिष्काच्या वाटेवर शौलाला विचारलेल्या प्रश्नातही हेच क्रियापद आहे. म्हणजे परिवर्तनानंतर पौलाचा वेग ओसरला नाही. त्याची दिशा बदलली.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील योजना याहून सूचक आहे. तेराव्या वचनाच्या अखेरीस आतिथ्याच्या मागे लागण्याचा आदेश आहे आणि लगेच चौदाव्या वचनात मागे लागणाऱ्यांना, म्हणजे छळणाऱ्यांना, आशीर्वाद देण्याचा. दोन्हीकडे एकाच क्रियापदाचे धातुसाधित आहे. लोक तुमच्या मागे वैराने लागतील, तुम्ही परक्याच्या मागे आतिथ्यासाठी लागा, असा हा विरोध मूळ भाषेच्या श्रोत्याच्या कानी सहज पडला असावा. मराठीत ‘आतिथ्य’ आणि ‘छळ’ शेजारी असूनही परस्परांशी बोलत नाहीत.

भाषांतराचा प्रश्न
मग सर्वत्र एकच मराठी शब्द योजावा काय? तसे करणे इष्ट नाही. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीतून नव्हे, तर वाक्यातील उपयोगातून ठरतो, हा जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या अभ्यासकांपुढे ठेवलेला इशारा येथेही लागू पडतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ‘पाठलाग’ म्हटल्यास न्यायासाठी सोसलेल्या यातनेची तीव्रता उणावते. ‘प्रीतीचा पाठलाग’ तर मराठी कानाला विचित्रच वाटेल.

तथापि मराठीपाशी या द्वंद्वाची जाण नाही, असे म्हणता येणार नाही. ‘पाठपुरावा करणे’ आणि ‘पिच्छा पुरवणे’ या दोन प्रयोगांत मागे राहण्याचीच क्रिया आहे. पहिल्यात चिकाटीचा गौरव आहे, दुसऱ्यात त्रासाची तक्रार. ‘मागे लागणे’ हा प्रयोग तर दोन्ही बाजूंनी चालतो. अभ्यासाच्या मागे लागलेला विद्यार्थी आणि मागे लागलेला सावकार यांतील फरक संदर्भच सांगतो. तळटिपेत किंवा अध्यापनात या प्रयोगाचा उपयोग केल्यास मूळातील सूत्र वाचकापर्यंत पोहोचू शकते.

निष्कर्ष
‘छळ’ हा शब्द चुकीचा नाही. पण तो एकटा अपुरा आहे. त्यामुळे छळ करणारा मनुष्य मुळातच वेगळ्या जातीचा आहे, असा समज होऊ शकतो. पौलाची भाषा ही सोय नाकारते. धर्मनिष्ठ माणसाचा आवेश आणि छळकाचा आवेश यांना तो एकच क्रियापद देतो. म्हणून या क्रियापदाचा अभ्यास हा केवळ शब्दार्थाचा विषय राहत नाही. आपला आवेश कोणाच्या मागे आणि कशासाठी लागला आहे, हा प्रश्न तो प्रत्येक निष्ठावंतापुढे ठेवतो.