मानक आणि प्रघात : 'सीपी' आज्ञेच्या बदलत्या वर्तनाची समीक्षा

प्रस्तावना :
युनिक्स परंपरेतील संगणकप्रणालींत फाइलची प्रत करण्यासाठी 'सीपी' ही आज्ञा वापरली जाते. सोलापुरातील असो वा अन्यत्र, महाविद्यालयीन प्रयोगशाळेत लिनक्सचे अध्यापन ज्या मोजक्या आज्ञांपासून सुरू होते, त्यांत तिचे स्थान अग्रक्रमाचे आहे. आज्ञेचे नाव स्थिर राहिले. वर्तन मात्र 'पॉझिक्स' या मानकाच्या संदर्भात बदलत गेले. या बदलांचे मूल्यमापन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचन :
पॉझिक्सचा आज्ञाविषयक भाग १९९२ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी संपूर्ण फोल्डरची प्रत करण्यासाठी लहान 'आर' हा पर्याय रूढ होता. तो उपकरण-फाइललाही सामान्य फाइल समजून तिच्यातील मजकूर वाचू लागे. परिणामी, जिथे मजकुराला अंतच नाही, तिथे प्रत कधीच पूर्ण होत नसे. मानकाने कॅपिटल 'आर' हा निःसंदिग्ध पर्याय दिला आणि जीएनयूच्या 'सीपी'ने पुढे दोन्हींचा अर्थ एकच केला. येथे मानकाने प्रत्यक्ष दोष दूर केला. म्हणून हा बदल समर्थनीय ठरतो.

'एन' या पर्यायाची कथा वेगळी आहे. गंतव्यस्थानी त्याच नावाची फाइल असल्यास तिला हात न लावणे, हे त्याचे कार्य. मार्च २०२३ मधील कोअरयुटिल्स ९.२ पासून अशी फाइल वगळल्यास आज्ञा अपयशाचा संकेत देऊ लागली. या बदलाच्या नोंदीत पॉझिक्सचा आधार होता. परंतु तो वापरकर्त्याला विचारून प्रत करणाऱ्या 'आय' या पर्यायापुरताच होता. 'एन'ला तो सादृश्याने लावला गेला. अपयशाचा संकेत मिळताच थांबणाऱ्या स्क्रिप्टना याचा फटका बसणे अपरिहार्य होते. डेबियनने जुने वर्तन राखून इशारा जोडला. अखेर मार्च २०२४ च्या ९.५ आवृत्तीत मूळ वर्तन पुनःस्थापित झाले.

तथापि, जुने वर्तन निर्दोष होते असे नव्हे. परीक्षेच्या गुणपत्रकांची प्रत घेणाऱ्या स्क्रिप्टला 'प्रत झाली' आणि 'प्रत टाळली' यांतील भेद कळत नसेल, तर यशाचा संकेतही दिशाभूल करतो. यावर खरा उपाय दोन अर्थांना दोन नावे देण्याचा होता. ९.३ मध्ये निमूटपणे वगळणारा 'अपडेट=नन' आणि ९.५ मध्ये वगळताना अपयश नोंदवणारा 'अपडेट=नन-फेल' हे पर्याय त्या दृष्टीने अधिक प्रगल्भ आहेत.

निष्कर्ष :
मानकाचे पालन हे साधन आहे, साध्य नव्हे. मानकाच्या शब्दाबाहेर जाऊन केलेला बदल मानकाच्या नावाने समर्थित करता येत नाही. तसेच प्रघात जुना आहे एवढ्यावरून तो योग्यही ठरत नाही. अध्यापकांनी पर्यायांची केवळ यादी पाठ करून न घेता, आज्ञेचा निर्गमन-संकेत व आवृत्ती तपासण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे अगत्याचे आहे.