तिफण, कापसाची गाठ आणि बत्तीस पानं

पाचवीतलं मूल परिसर अभ्यासात अश्मयुगातली दगडी हत्यारं शिकतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर-चिखलीकडच्या त्याच मुलाच्या घरी गोठ्याला टेकून ठेवलेली तिफण मात्र पुस्तकात सापडणं कठीण. चाड्यात सोडलेलं बी नळ्यांतून सरळ तासांत, ठरावीक अंतरावर पडतं. ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्रातही मूळ युक्ती तीच आहे. हा धागा मुलांना चित्रांतून दाखवणारं पुस्तक मराठीत जवळपास नाही.

मराठी चित्रपुस्तक दुबळं आहे, असं मात्र नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’, ‘चित्रवाचन’ या पुस्तकांनी चित्र ही वाचण्याची गोष्ट आहे, हे मराठी पालकांच्या गळी उतरवलं. पण या परंपरेचं बळ नात्यांत आणि मुलांच्या भावविश्वात आहे. घरातल्या वस्तू तिथे पार्श्वभूमीला राहतात.

विज्ञानाच्या बाजूला अरविंद गुप्ता यांचं काम मोठं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन त्यांनी मुलांना भूमितीचे आकार उभे करायला शिकवलं. वस्तू कशी चालते हे त्यातून कळतं. ती आली कुठून आणि तिने कोणाचं आयुष्य बदललं, हा त्या पुस्तकांचा विषय नाही.

उरतात ‘थोर संशोधक’ छापाची पुस्तकं. वॅट आला, इंजिन झालं. एडिसन आला, दिवा लागला. मजकूर दाटीवाटीचा आणि चित्र म्हणजे तसबीर. तंत्रज्ञानाचा इतिहास असा माणसागणिक तुटतो आणि कारागीर, मजूर, बाया त्यातून गळतात.

मराठीबाहेर वस्तूंची कहाणी सांगण्याचं काम जुनं आहे. रशियन अभियंता-लेखक एम. इलिन याने 1920च्या दशकातच दिवा, घड्याळ, पुस्तक यांच्या कहाण्या मुलांसाठी लिहिल्या. डेव्हिड मॅकॉले याच्या ‘मिल’मध्ये (1983) एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतली कापडगिरणी पायापासून उभी राहताना दिसते. तिथे चित्र सजावटीला नसतं, समजावून सांगण्याचं काम तेच करतं.

कापडगिरण्यांच्या जगाचं दुसरं टोक बुलढाणा जिल्ह्यात आहे. 1861 ते 1865च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाडातून जाणारी रेल्वे 1867मध्ये नागपूरला पोहोचली. मार्च 1870मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला. खामगावचा कापूसबाजार हेच त्याचं कारण. सुटा कापूस जागा फार खातो, म्हणून जिनात सरकी काढायची, प्रेसमध्ये रुई दाबून गाठी बांधायच्या, वाघिणींत भरून मुंबई बंदर गाठायचं. बैलगाडी ते बोट हा प्रवास चित्रपुस्तकाच्या बत्तीस पानांत सहज मावतो. यंत्र आल्यावर हाताने सरकी काढणाऱ्या बायांच्या कामाचं काय झालं, तेही त्यात यायला हवं.

नव्या यंत्राला होणारा विरोधही मुलांना आवडेल असा विषय आहे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903मध्ये आला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. मोठ्यांच्या लेखांत वारंवार येणारी ही हकिकत चित्रपुस्तकासाठी तयारच आहे.

रंगीत छपाई महाग आणि खप बेताचा, ही प्रकाशकांची अडचण खरी. पण 2015मध्ये ‘प्रथम बुक्स’ने सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर खुल्या परवान्याने मराठी पुस्तकं मिळतात आणि कोणालाही नवी रचता येतात. मात्र तिथे नुसतं भाषांतर पुरेसं नाही. वखर, डवरा, सरकी हे शब्द वऱ्हाडातल्या मुलाच्या कानावर रोज पडतात, ते पुस्तकात यायचे तर लिहिणाराही त्या मातीतला हवा आणि चित्रकाराने सुताराच्या, लोहाराच्या कामापाशी बसून रेखाटनं करायला हवीत.

मराठी प्रकाशकांनी संशोधकांच्या चरित्रमाला थोड्या आवरत्या घ्याव्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या वस्तूंवर चित्रपुस्तकं काढावीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना त्यात लेखक म्हणून घ्यावं. बुलढाण्यापुरतं पहिलं पुस्तक कापसाच्या गाठीवर व्हावं.