भोपाळची सभा कोलंबोला गेली तेव्हा: जागतिक धरण आयोगाचा अहवाल वाचताना

जागतिक धरण आयोगाचा 2000 सालचा अहवाल संशोधनाकडे वळणाऱ्यांनी एकदा तरी वाचावा, आणि निष्कर्षांआधी त्यातली पद्धत वाचावी. 12 आयुक्त, 8 धरणांचे सखोल अभ्यास, 125 धरणांची पाहणी, 17 विषयांवरचे आढावे, 900 हून अधिक निवेदनं. आणि चार विभागीय सभा: कोलंबो, साओ पावलो, कैरो, हनोई. एकही सभा युरोप किंवा उत्तर अमेरिकेत नाही. वाचताना वाटतं, झाला की सहभाग!

पण कोलंबो का, हे विचारायला हवं. दक्षिण आशियाची सभा खरं तर सप्टेंबर 1998 मध्ये भोपाळला व्हायची होती. आयुक्त सरदार सरोवर परिसरातही जाणार होते. गुजरात सरकारने कडाडून विरोध केला, केंद्राने परवानगी काढून घेतली आणि सभा डिसेंबरमध्ये श्रीलंकेत भरली.

इथे मणिबेली आठवते. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेकाठचं, सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. 1994 मध्ये 44 देशांतल्या 326 संघटनांनी जागतिक बँकेकडे मागणी केली की मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा आणि आधीच्या धरणांचा स्वतंत्र आढावा घ्या. त्या जाहीरनाम्याला नाव या गावाचं. आयोगामागच्या मागण्यांपैकी ही एक ठळक मागणी. म्हणजे ज्या गावाचं नाव जगभर फिरलं, त्याच्या आसपासही आयोगाला सभा घेता आली नाही. (भोपाळही मणिबेलीहून जवळ नाही म्हणा, पण तिथे जायला निदान पासपोर्ट लागत नाही.)

तांत्रिक परिषद आपल्याकडे भरवली की आपल्या लोकांना जागा मिळते, हा समज मला पटत नाही. मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं, म्हणजे मुख्यतः इंजिनियर लोकांच्या संघटनेचं अधिवेशन दिल्लीत दोनदा झालंय, 1951 ला आणि 1979 ला. 1979 हेच नर्मदा लवादाच्या निवाड्याचं वर्ष. जागा भारतातली, पण संघटनेच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, आणि बोलायचं तर शोधनिबंध हवा. भिली बोलणाऱ्या माणसाला दिल्ली काय नि पॅरिस काय, सारखंच लांब. त्याचं म्हणणं आधी मराठी किंवा हिंदीत यायचं, मग इंग्रजीत; आणि तिथवर पोचेपर्यंत ते 'पुरावा' न राहता 'भावना' झालेलं असतं.

याउलट मोर्स समिती बघा. जागतिक बँकेनेच 1991 मध्ये नेमलेली. तिने कुठलीही मोठी परिषद भरवली नाही. ती तीन राज्यांतल्या गावांत फिरली, अधिकाऱ्यांनाही भेटली, आणि सरकारी आकडे गावात ऐकलेल्या गोष्टींशी ताडून पाहिले. जून 1992 च्या अहवालात तिने बँकेला मागे सरायला सुचवलं. मार्च 1993 मध्ये उरलेलं कर्ज भारताच्याच विनंतीवरून रद्द झालं. पद्धत म्हणून मला ही जास्त भक्कम वाटते, कारण इथे गाववाल्याचं वाक्य तपासण्याच्या कामी आलं. नुसतं परिशिष्टात नोंदवलं गेलं नाही.

धरण आयोगाचं श्रेय मात्र नाकारता येत नाही. मेधा पाटकर आणि बांधकाम उद्योगातली माणसं एकाच अहवालावर सह्या करतात, हे सोपं नव्हतं. निवेदनं कुणीही पाठवू शकत होतं, हेही मोठंच. माझी तक्रार एवढीच, की 'चार सभा' हा आकडा मोजताना न झालेली पाचवी कुठेच मोजली जात नाही. तुम्ही प्रबंधात पद्धतीचं प्रकरण लिहाल तेव्हा झालेल्या मुलाखतींसोबत नाकारलेल्या मुलाखतीही लिहा, कुणी नाकारल्या तेही. तोही डेटाच आहे.

अहवाल 16 नोव्हेंबर 2000 रोजी लंडनमध्ये नेल्सन मंडेलांच्या उपस्थितीत प्रसिद्ध झाला. त्याच्या महिनाभर आधी, 18 ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचं बांधकाम पुढे न्यायला मोकळीक दिली होती. भारत सरकारने अहवाल फेटाळला.