खुला झालेला ग्रंथ आणि न उघडलेले सुत्त

धर्मानंद कोसंबी यांचे निधन १९४७ चे. साठ वर्षांची मुदत सरून २००८ पासून त्यांचा ‘भगवान बुद्ध’ स्वामित्वहक्कातून मुक्त झाला. इंटरनेटवर तो विनामूल्य वाचता येतो, आणि देवनागरीतील पालि तिपिटकही. आम्हांस खरा लाभ वाटतो तो दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचा. चार दृश्यांची कथा बाजूस सारून कोसंबी गृहत्यागाचे कारण अत्तदण्डसुत्तात शोधतात. सुत्तात परस्परांविरुद्ध उभी ठाकलेली, अल्पोदकातील माशांसारखी तडफडणारी प्रजा आहे. रोहिणी नदीचे नाव नाही. ते अट्ठकथेत येते, आणि तेही बुद्धत्वप्राप्तीनंतरच्या उपदेशप्रसंगी! कोसंबींचा तर्क आम्हांस पटतो. तथापि तो तर्कच होय. बाबासाहेबांच्या ग्रंथातील शाक्य-कोलीय प्रकरणाचे टीकाकार व समर्थक मात्र बहुधा सुत्त न उघडताच वाद घालतात.