रुक्मिणीस्वयंवराचें उत्तरप्रकरण

मराठी पोथ्यांच्या जुन्या संग्रहांत एखादें तरी ‘रुक्मिणीस्वयंवर’ सांपडत नाहीं असें सहसा होत नाहीं. महानुभाव कवि नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत, आणि त्यांच्याहि पुढें, या आख्यानाचा मोह मराठी कवींस सुटला नाहीं. नरेंद्रानें तर आपल्या काव्यावर रामदेवराव यादवाची मुद्रा घालण्याचें नाकारिलें. त्यापायीं ग्रंथ दरबारीं राहिला आणि हातीं उरलेला भागच पंथांत टिकला, अशी आख्यायिका आहे. इतकें मोल ज्या कथेस पडलें, तिचें नांव व तिची वस्तु यांचा मात्र मेळ बसत नाहीं. स्वयंवरांत कन्या भरसभेंत वर निवडते. येथें सभा नाहीं, निवड गुप्त आहे, आणि वर हा कन्येच्या ज्येष्ठ बंधूचा वैरी आहे. सामराजानें आपल्या काव्यास ‘रुक्मिणीहरण’ म्हटलें, तेंच यथार्थ होय.

मूळ कथा भागवताच्या दशमस्कंधांत, अध्याय ५२ ते ५४ यांत आहे. विदर्भराज भीष्मकाचा वडील पुत्र रुक्मी कृष्णद्वेषानें बहिणीचा विवाह चेदिराज शिशुपालाशीं ठरवितो; ती ब्राह्मणाच्या हातीं सात श्लोकांचा निरोप द्वारकेस धाडते. प्रेमपत्र म्हणून या निरोपाची स्तुति पुष्कळ झाली. त्यांतील सहाव्या श्लोकाकडे मात्र लक्ष कमी गेलें. तेथें रुक्मिणी वराची शंका आपणच काढते, कीं अंतःपुरांत राहणारी तूं, तुझे बांधव न मारतां तुला न्यावें कसें? आणि उपायहि आपणच सांगते. विवाहाच्या आदल्या दिवशीं कुलदेवीच्या यात्रेनिमित्त वधू नगराबाहेर गिरिजेच्या देवळास जाते, तेथून न्यावें. पत्राचा विषय शृंगार खरा, पण त्यांतील युक्ति रक्तपात टाळण्याची आहे. तिला वर हवा आणि भाऊहि जिवंत हवा. माझ्या मतें सर्व आख्यानाचें मर्म या एका श्लोकांत आहे.

ही युक्ति अर्धीच साधली. कृष्णास मारून बहिणीस सोडविल्यावांचून कुंडिनपुरांत पाऊल ठेवणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करून रुक्मी पाठलाग करितो व हरतो. रुक्मिणी पायां पडते म्हणून त्याचा जीव वांचतो. परंतु कृष्ण त्याचे केंस व मिशा ठिकठिकाणीं कापून त्याला विद्रूप करितो. यावर बलराम धाकट्या भावास दोष देतो, कीं आप्ताचें विरूपण म्हणजे त्याचा वधच. रुक्मी परत न फिरतां भोजकट नगर वसवून राहतो. हें नांव केवळ पौराणिक नव्हे; वाकाटक दुसरा प्रवरसेन याच्या चमक येथील ताम्रपटांत ‘भोजकट-राज्य’ असा स्पष्ट निर्देश आहे.

एकनाथांनीं शके १४९३ (इ. स. १५७१) मध्यें काशी येथें पूर्ण केलेल्या आपल्या १८ प्रसंगांच्या ग्रंथांत ही कथा जीवशिवांच्या ऐक्याच्या रूपकांत बसविली आणि लग्नसोहळा पूर्ण महाराष्ट्रीय केला. ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. तथापि रूपक एकदां पत्करलें कीं भावाच्या अपमानाचें दुःख हा निव्वळ मोह ठरतो. हें समाधान भागवतांतहि बलरामाच्या मुखीं आहे. पण भागवतकार तेवढ्यावर थांबत नाहींत.

६१ व्या अध्यायांत कथा पुन्हां भोजकटास येते. रुक्मीची कन्या रुक्मवती प्रद्युम्नास वरते, आणि ती खऱ्या स्वयंवरांत! पुढें वैर मनांत असूनहि, केवळ बहिणीच्या संतोषासाठीं, रुक्मी आपली नात रोचना अनिरुद्धास देतो. त्या लग्नास रुक्मिणी स्वतः आलेली असते. तेथें द्यूताचा डाव मांडला जातो, जिंकल्याहरल्याचा वाद होतो, रुक्मी यादवांस गुराखी म्हणून हिणवितो, आणि बलराम परिघाच्या घावानें त्याला ठार करितो. आप्ताच्या विरूपणास वध म्हणणारा तो हाच बलराम! कृष्ण बरें म्हणत नाहीं, वाईटहि म्हणत नाहीं. कोणाच्याहि स्नेहास तडा जाऊं नये म्हणून गप्प राहतो. रुक्मिणीच्या तोंडीं व्यासांनीं एक अक्षरहि घातलेलें नाहीं. सात श्लोकांनीं जें टाळूं पाहिलें तें तिच्या नातवाच्या मांडवांत घडलें.

मराठी ‘स्वयंवरें’ मंगलाष्टकांजवळ थांबतात, याचें कारण मला घरांतच समजलें. गिरगांवांतील आमच्या चाळींत माझी थोरली बहीण उपवर असतां नाथांचें स्वयंवर नेमानें वाची. विवाहेच्छु मुलींनीं तें वाचावें अशी रूढिच आहे. तिचें लग्न झालें, आणि त्याच मांडवांत मानपानावरून आमच्या व तिच्या सासरच्या घरांत जो अबोला पडला तो कित्येक वर्षें सुटला नाहीं. तिनें इकडचें तिकडे कधीं बोलून दाखविलें नाहीं. पुढें मीं तिला ६१ वा अध्याय अर्थासह वाचून दाखविला. ती बराच वेळ स्तब्ध बसली, मग म्हणाली, “हें आमच्या पोथींत कां नाहीं रे?”

फलश्रुतीसाठीं वाचावयाच्या ग्रंथांत तें असूं नये, हें उत्तर व्यवहाराला धरून आहे. काव्यपरीक्षणास तें पुरत नाहीं. वैऱ्याशीं झालेल्या लग्नाची कथा लग्नानें संपत नाहीं, हें मूळ ग्रंथकारास ठाऊक होतें. म्हणून पोथीसंग्राहकांस विनंति आहे कीं, आपल्याजवळील प्रतींच्या समाप्तीचीं पानें नीट पाहावीं. लेखकानें शेवटीं ‘स्वयंवर’ लिहिलें आहे कीं ‘हरण’, आणि भोजकटाची कथा कोणीं जोडली आहे काय, एवढें टिपून मंडळाकडे कळविल्यास या आख्यानाचा तुटलेला धागा कोणत्या मराठी कवीनें उचलला तें ठरवितां येईल.