‘सावकारी पाश’ : घराची निष्ठा आणि गिरणीचा दरवाजा

बाबुराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे 1925 साली काढलेल्या ‘सावकारी पाश’ या मूकपटापासून भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. हा मान रास्तच आहे. पडदा देवादिकांच्या चमत्कारांनी भरलेला असताना पेंटरांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवरून एका गुन्ह्याची कहाणी सांगितली. या गुन्ह्यात सुरा नाही, पिस्तूल नाही; आहे तो खोटा कागद. त्याच्या जोरावर सावकार जमीन गिळतो आणि तरुण शेतकरी (ही भूमिका व्ही. शांताराम यांची) अखेर शहरात गिरणी कामगार होतो.

खोटा कागद खरा का ठरतो? शेतकऱ्याला वाचता येत नाही, हे एक कारण. दुसरे कारण त्याच्या घरातच आहे. बापाचे देणे मुलाने फेडावे, घराण्याच्या शब्दाला बट्टा लागू नये, ही निष्ठा सावकाराला फौजदारापेक्षाही उपयोगी पडते. 1875 साली सुपे येथे उठाव करून शेतकरी कर्जरोख्यांवर तुटून पडले, तेव्हा त्यांनी हीच निष्ठा झुगारली होती.

प्रस्थापित समीक्षा येथवर येऊन थांबते. पण जमीन गमावण्यासाठी आधी जमीन असावी लागते. वतनाच्या तुटपुंज्या तुकड्यावर रात्रंदिवस राबणाऱ्या महाराला लुबाडण्यासाठी खोट्या दस्ताची गरजच नव्हती. रूढी पुरेशी होती.

आणि गिरणी? तेथे जॉबर भरती करी ती बरीचशी नात्यागोत्यातून, गावकीतून. जमीन बुडालेल्याला ही भावकी आधार झाली. तीच भावकी विणकाम खात्याच्या दारात आडवी उभी राहिली. नव्या कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळ होईल म्हणून जास्त पगाराच्या या खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. म्हणजे गावात लुबाडला गेलेला माणूस मागावर उभा राहिला की दुसऱ्याची वाट अडवण्यात सामील होत होता, आणि तेही आपल्या माणसांवरील निष्ठेपोटी.

पेंटरांची कलाकृती नाकारण्याचे यात कारण नाही. कर्जाचा फास दलितांच्याही गळ्यात होताच. परंतु ‘शेतकऱ्याची शोकांतिका’ म्हणून हा चित्रपट शिकवणाऱ्याने विणकाम खात्याचा तो बंद दरवाजाही विद्यार्थ्यांना दाखवला पाहिजे.