झिलईदार खापरांचे नामकरण : एक चिकित्सा

मध्ययुगीन झिलईदार मृद्भांड्यांना 'इस्लामी' हे विशेषण लावण्याची प्रथा पुरातत्त्वलेखनात रूढ आहे. महाराष्ट्रात तिचे एक वेगळे रूप दिसते. ह. धी. सांकळिया, शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला नेवासे उत्खननाचा (१९५४-५६) अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाणयुगाच्या अभ्यासात त्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र सर्वांत वरच्या, सहाव्या कालखंडाला तेथे 'मुस्लिम-मराठा' असे जोडनाव मिळाले आणि अनेक राजवटींचे अवशेष त्यात एकत्र कोंबले गेले. खालच्या थरांकडे जाण्याची घाई त्या पिढीला होतीच.

या नामकरणातील दोष केवळ शब्दांचा नाही. पश्चिम आशियातून कोकण-गुजरातच्या बंदरांत आलेले निळसर-हिरव्या झिलईचे रांजण पाहावेत. क्षारयुक्त झिलईत तांबे मिसळले की हा रंग उमटतो. शिशाच्या झिलईत तेच तांबे हिरवे दिसते. ही निळसर झिलई पार्थियन व सासानी काळापासून चालत आली होती. राज्यकर्त्यांचा धर्म बदलला तरी भट्टीतील कृती चालूच राहिली. उलट नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी कथिलाच्या साहाय्याने पांढरी झिलई साधली, ती चिनी भांड्यांच्या शुभ्रतेचे अनुकरण म्हणून. तिला 'इस्लामी' म्हणताना चीनचे ऋण झाकले जाते.

पालघरच्या सीमेलगत गुजरातेतील संजाण येथील मृद्भांड्यांवरचा रुखसाना नानजी यांचा ग्रंथ (२०११) या दृष्टीने पुढचे पाऊल होय. एकाच स्थळाची भांडी हाच तेथे स्वतंत्र विषय झाला आहे. तथापि शीर्षकात खलाशी व व्यापारी आहेत, त्या भांड्यांत वाढणारी घरे नाहीत. ही उणीव लहान नव्हे. चिंचणी ताम्रपटानुसार इ.स. ९२६ मध्ये राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती, म्हणजे मुहम्मद, हा ताजिक अधिकारी पाहत होता आणि तेथील एका मठिकेला दान मिळाले. अशा नगरातील झिलईदार वाडगा अधिकाऱ्याचा, पारशी कुटुंबाचा की मठिकेला दान देणाऱ्या एखाद्या वाण्याचा, हे खापर सांगत नाही.

नेवाशाच्या सहाव्या कालखंडातील खापरांची फेरमांडणी करायची तर मातीचा पोत, झिलईचे रसायन आणि सापडण्याची नेमकी जागा हे तीन निकष आधी लावावे लागतील; राजवटीचे नाव त्यानंतर.